पुटपुटणारा गायक आणि किणकिणणारी गिटार: सुरुवातीचं आर.ई.एम. कसं ऐकायचं

आर.ई.एम. म्हटलं की आपल्याकडच्या माझ्या वयाच्या बहुतेकांना एकच गाणं आठवतं, १९९१ चं 'लूझिंग माय रिलिजन', कारण नव्वदीत केबलवर एमटीव्ही आलं तेव्हा त्याचा व्हिडिओ सारखा लागायचा, आणि तो डायरेक्ट केला होता जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंगनं, त्यामुळे मधेच आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारखं काहीतरी दिसायचं आणि जेवता जेवता घास हातात तसाच राहायचा. गाणं छानच आहे. पण या बँडचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम त्याच्या बरंच आधीचं, १९८१ ते ८५ मधलं, आणि ते पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दोन तक्रारी करतो. एक म्हणजे हा गायक काय बोलतोय तेच कळत नाही. दुसरी म्हणजे गिटार आहे पण गिटारवाला काही 'वाजवत' नाही, सोलो, म्हणजे मधे एकट्या गिटारनं वाजवायचा तुकडा, कुठाय? मी पण दोन्ही तक्रारी केल्यात. पुढे बरीच वर्षं ऐकल्यावर लक्षात आलं की दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच आहे आणि ते नीट उलगडून सांगावं असं कधीपासून मनात होतं.

आधी थोडी ओळख. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं युनिव्हर्सिटीचं गाव आहे, तिथले हे चौघं. मायकल स्टाइप गायक, पीटर बक गिटार, माइक मिल्स बास, बिल बेरी ड्रम्स. बक एका रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, स्टाइप तिथं रेकॉर्ड्स घ्यायला यायचा, दोघांची आवड जुळली, आणि मिल्स आणि बेरी हे मेकन गावचे शाळेपासूनचे दोस्त. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चच्या इमारतीत वाढदिवसाची पार्टी होती, तिथं ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. नाव डिक्शनरी उघडून सापडलेलं, झोपेत स्वप्नं पडताना पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या अवस्थेचं. त्या वेळी मोठ्या रेडिओ स्टेशनांवर असली गाणी लागत नसत, पण अमेरिकेत एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ मेगाहर्ट्झची जागा बिनव्यापारी स्टेशनांसाठी राखून ठेवलेली असते आणि तिथं कॉलेजातली पोरं स्वतःची स्टेशनं चालवायची, आपल्याला आवडेल ते लावायची. आर.ई.एम. वाढलं ते या कॉलेज रेडिओवर. पुढे ज्याला आल्टरनेटिव्ह रॉक म्हणायला लागले त्याची पाळंमुळं तिथं आहेत.

आता गिटार. इंग्रजीत या आवाजाला 'जँगल' म्हणतात, जंगल नाही, जँगल, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा हलवल्यावर येतो तसा आवाज. मराठीत मला किणकिण हा शब्द चपखल वाटतो. ही किणकिण येते कुठून?

गिटारच्या सहाही तारांवरून एकदम हात फिरवला की कॉर्ड वाजते, म्हणजे तीन-चार सूर एकत्र. तीच कॉर्ड डाव्या हातानं धरून ठेवायची पण उजव्या हातातल्या पिकनं तारा एकेक करून छेडायच्या, आणि मुख्य म्हणजे आधीची तार दाबून थांबवायची नाही, ती वाजत असतानाच पुढची छेडायची, याला आर्पेजिओ म्हणतात. तंबोरा आठवा. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, पहिलीचा सूर विरायच्या आत दुसरीचा त्यात मिसळतो, आणि थोड्या वेळानं वेगवेगळ्या तारा ऐकूच येत नाहीत, खोलीभर एक गुंजन राहतं. पीटर बकची गिटार साधारण तेच करते, फक्त वेगानं आणि ड्रम्सच्या ठेक्यावर. त्यात तो होईल तितक्या तारा मोकळ्या ठेवतो, म्हणजे बोटानं न दाबता, कारण मोकळी तार जास्त वेळ आणि जास्त खुली वाजते.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज स्वच्छ ठेवणं, आणि हे जरा नीट समजून घ्या कारण सगळी मेख इथंच आहे. हार्ड रॉकमध्ये अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, इतका ताणतात की आवाज फाटतो, ते डिस्टॉर्शन. एकच सूर फाटला तर भारदस्त वाटतो, पण दोन-तीन सूर एकत्र फाटले की त्यांच्या मिश्रणातून भलतेच सूर जन्माला येतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून ते लोक कॉर्डमधून गंधार काढून टाकतात आणि षड्ज-पंचम एवढंच ठेवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. दणका जबरदस्त, पण गंधार गेला की गाण्याचा चेहरा गेला, कारण शुद्ध गंधार की कोमल गंधार यावरच तर ती कॉर्ड हसरी की उदास ते ठरतं. बकचा अँप स्वच्छ असतो त्यामुळे गंधार टिकतो, वर आणखी एखादा मोकळ्या तारेचा सूर सहज येऊन बसतो जो त्या कॉर्डमधला नसतोच, आणि मग ती कॉर्ड ना धड हसरी ना धड उदास, मधेच कुठेतरी तरंगत राहते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मनाचं जे होतं तसं काहीतरी.

तिसरी गोष्ट वाद्य. बककडे काळी रिकनबॅकर ३६० होती. ही कॅलिफोर्नियाची कंपनी, तिच्या या गिटारी आतून अर्धवट पोकळ असतात आणि आवाजाला वरच्या पट्टीत एक धार असते. याच घराण्यातली बारा तारांची गिटार १९६४ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं वाजवली, ती पाहून बर्ड्स या बँडच्या रॉजर मॅक्ग्विननं घेतली आणि १९६५ पासून तो आवाज जगभर झाला. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत दोन तारांमध्ये एका सप्तकाचं अंतर, वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. आता दोन तारा कितीही जुळवल्या तरी केसाइतका फरक राहतोच आणि त्या फरकामुळे आवाज सतत थोडा लहरतो, पाण्यावर ऊन चमकतं तसा. मॅक्ग्विननं स्टुडिओत वरून कॉम्प्रेसर लावला, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारं यंत्र, त्यामुळे प्रत्येक सुराचं शेपूट लांबलं. बक मात्र बहुतेक वेळा सहाच तारांवर वाजवायचा आणि ती चमक आणायचा आर्पेजिओतून, शिवाय रेकॉर्डिंगमध्ये इलेक्ट्रिकच्या मागे अकूस्टिक गिटारींचे थर लावून. त्यामुळे त्याला बर्ड्सची नक्कल म्हणणारे समीक्षक मला तेव्हाही पटले नाहीत. आवाजाची जात एक, चाल वेगळी. बर्ड्सची गिटार झळाळते, बकची जरा घाईत असते, कुठेतरी पोचायचंय अशी.

आणि सोलो का नाही? कारण बकला सोलोत रस नव्हता, आणि माझ्या मते खरं कारण म्हणजे गरजच नव्हती. त्याची गिटार गाणंभर एक धागा विणत राहते आणि खाली माइक मिल्सचा बास मूळ सूर धरून गप्प बसत नाही, तो स्वतःची वेगळी चाल गातो. गिटार खालचं काम करते आणि बास वरचं, असं उलटंपालटं कित्येक गाण्यांत झालंय. हेडफोन लावून 'पिल्ग्रिमेज' ऐका, एकदा फक्त बासच्या मागे जा, मग परत लावून फक्त गिटारच्या मागे. गाणी पण चौघांच्या नावावर सारखी, कोणी काय केलं हे न बघता. ऐकताना ते जाणवतं, कोणी पुढे उभं राहून बाकीच्यांना मागे ढकलत नाही. गायक सुद्धा नाही. इथूनच शब्दांचा विषय सुरू होतो.

१९८१ मध्ये त्यांचं पहिलं सिंगल आलं, 'रेडिओ फ्री युरोप', हिब-टोन नावाच्या छोट्याशा कंपनीकडून. रेकॉर्ड केलं मिच ईस्टरनं, त्याच्या आईवडलांच्या घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत. आता रेडिओ फ्री युरोप हे खरंखुरं रेडिओ स्टेशन, शीतयुद्धात अमेरिकेच्या पैशावर चालणारं आणि लोखंडी पडद्याच्या पलीकडच्या, म्हणजे पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठी बातम्या देणारं. नाव वाचून वाटतं गाणं राजकारणावर असणार. ऐकायला बसलं तर राजकारण राहू दे, एक वाक्य सरळ हाताला लागत नाही. स्टाइपनंच नंतर सांगितलंय की तेव्हा शब्द पूर्ण झालेच नव्हते, त्यानं तोंडाला येईल ते गायलं. आणि तेच गाणं पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतलं!

हॉस्टेलला असताना माझ्या मित्रानं पहिल्या अल्बमची कॅसेट कॉपी करून दिली होती. आम्ही दोघांनी एका रविवारी ठरवलं की 'सिटिंग स्टिल'चे शब्द ऐकून लिहून काढायचे, वेगवेगळ्या वह्यांत, आणि मग ताडून बघायचं. टेप मागे-पुढे करून करून दुपार गेली. दोन वह्यांत सारखी अशी जेमतेम चार-पाच वाक्यं निघाली, बाकी त्याचं गाणं वेगळं, माझं वेगळं. तेव्हा वाटलं आपलं इंग्रजी कमी पडलं. फार पुढे वाचायला मिळालं की स्टाइप स्वतःच त्या गाण्याबद्दल म्हणाला होता की ते म्हणजे एकापुढे एक मांडलेले स्वर आहेत, व्हॉवेल्स. आणि मला एकदम आपल्या भाषेची गंमत आठवली. मराठीत स्वर म्हणजे अ-आ-इ-ई पण आणि सा-रे-ग-म पण, दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. या माणसाला काय करायचं होतं ते आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येतं.

म्हणजे बघा, तो शब्द निवडतो ते आधी तोंडात कसा वाटतो, किती लांबवता येतो, गिटारच्या कुठल्या सुरावर जाऊन टेकतो यावरून. तराण्यात आपण 'दीम तनन'चा अर्थ विचारत नाही. पण तराणा आणि हे यात एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तराण्याच्या बोलांकडून आपण अर्थाची अपेक्षाच करत नाही, त्यामुळे मन निवांत असतं. स्टाइपचे शब्द मात्र खरे शब्द असतात, मधेच एक अख्खं वाक्य लख्ख ऐकू येतं, मग परत धुकं. त्यामुळे मन सारखं अर्थ जुळवायला धावतं, जुळत आला असं वाटतं आणि निसटतो. तो निसटण्याचा क्षण हेच या गाण्यांचं खरं सुख आहे.

शब्द न कळायची कारणं तीन, लोक ती एकत्र करून 'गायक पुटपुटतो' म्हणून मोकळे होतात. पहिलं उच्चार, तो व्यंजनं गिळतो. दुसरं मिक्सिंग, म्हणजे गाण्यातल्या सगळ्या आवाजांची पातळी ठरवणं. पॉप गाण्यात गायकाचा आवाज सगळ्यात पुढे ठेवतात, इथं तो गिटार आणि ड्रम्सच्या बरोबरीला किंवा जरा मागेच ठेवलाय. तिसरं लिहिणंच तसं, की छापील कागद हातात दिला तरी पूर्ण कळणार नाही. कर्ता नाही, क्रियापद नाही, वेगवेगळ्या ठिकाणचे दोन शब्द शेजारी आणून ठेवलेले. 'लाफिंग' नावाच्या गाण्यात लाओकून येतो, ट्रॉयचा तो पुरोहित ज्याला आणि ज्याच्या दोन मुलांना समुद्रातून आलेल्या सापांनी विळखा घालून मारलं. स्टाइप त्याला बाई करून टाकतो, ती आणि तिची दोन मुलं. का, ते सांगत नाही. पण नुसत्या त्या एका बदलानं जुन्या कथेतून एक वेगळीच आई उभी राहते आणि ती माझ्या डोक्यातून गेली नाहीये.

हे सगळं बँडनं ठरवून जपलं बरं का, नवखेपणा म्हणून झालेलं नाही. पहिल्या अल्बमच्या वेळी कंपनीनं त्यांना आधी स्टीफन हेग या प्रोड्युसरकडे पाठवलं. त्यानं एकाच गाण्याचे टेकवर टेक घ्यायला लावले आणि मग वरून सिंथेसायझर चढवला. चौघंही वैतागले, आम्हाला मिच ईस्टरच पाहिजे म्हणून अडून बसले, आणि ईस्टर आणि डॉन डिक्सन या जोडीबरोबर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. स्टाइप एका जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहून गायला. 'वी वॉक' गाण्यात मागे ढग गडगडल्यासारखा आवाज येतो, तो बिलियर्डच्या चेंडूंचा आहे, टेप हळू करून वापरलेला. एप्रिल १९८३ ला अल्बम आला, नाव 'मर्मर', म्हणजे कुजबुज. त्या वर्षी मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' सगळीकडे वाजत होता, तरी रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांनी वर्षाचा अल्बम म्हणून निवडला तो 'मर्मर'. विक्रीच्या यादीत तो ३६ व्या नंबरपर्यंतच गेला.

त्याचं कव्हर बघा एकदा. सगळीकडे कुडझू. ही वेल मूळची जपानकडची, १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकेत आली, पुढे १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला म्हणून सरकारनंच दक्षिणेत लावायला सांगितली आणि मग ती आवरेना. झाडं, विजेचे खांब, रिकामी घरं, सगळ्यावर चढते. खाली काहीतरी आहे हे आकारावरून कळतं, काय आहे ते दिसत नाही. आपल्या अल्बमला यापेक्षा खरं चित्र कोणी शोधू शकलं नसतं.

एक किस्सा मला फार आवडतो. दुसरा अल्बम, 'रेकनिंग', १९८४. '७ चायनीज ब्रदर्स' हे गाणं रेकॉर्ड होत होतं आणि स्टाइपचा आवाज काही लागत नव्हता, अगदी बारीक गात होता. डिक्सनला तिथं एक जुनी भक्तिगीतांची, गॉस्पेलची रेकॉर्ड सापडली, ती त्यानं स्टाइपकडे दिली. स्टाइपनं काय करावं? रेकॉर्डच्या पाकिटामागे छापलेला मजकूर, म्हणजे गायक कोण, गाणी कशी भावपूर्ण आहेत वगैरे जाहिरातीचं जे असतं ते, तेच त्या चालीवर गायला सुरुवात केली, अगदी मनापासून. मूड लागला आणि मग खरं गाणं झालं. ती पाकिटवाली आवृत्ती पण पुढे 'व्हॉइस ऑफ हॅरल्ड' नावानं बाहेर आली. दोन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, गिटार तीच, एकात गूढ शब्द आणि दुसऱ्यात पाकिटावरची माहिती, आणि गळ्यात दाटून येतं ते दोन्हीकडे सारखंच. शब्द इथं काय काम करतात हे समजावून सांगायला याच्यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

मग ही धुक्याची वर्षं संपली कधी? १९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट'ला. प्रोड्युसर डॉन गेमन. तो स्टाइपला सरळ विचारायचा की बाबा याचा अर्थ काय, आणि आवाज पुढे आणायचा. स्टाइप मोकळा गायला लागला. 'कायाहोगा' हे ओहायोतल्या त्या नदीचं गाणं जी घाणीमुळे १९६९ मध्ये चक्क पेटली होती, तिथं काय म्हणायचंय ते स्वच्छ कळतं. 'फॉल ऑन मी'मध्ये मात्र जुनी सवय राहिलीये, शेवटाकडे तिघं तीन वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि कान कुठल्या ओळीला धरायचं ते ठरवू शकत नाही. त्यानंतर १९८७ ला हिट गाणं, मोठी कंपनी, मँडोलिन, स्टेडियम, हे सगळं झालं आणि तेही चांगलंच झालं. पण गाण्यांचे शब्द अल्बमबरोबर पूर्ण छापून द्यायला १९९८ उजाडलं. पहिल्या सिंगलनंतर १७ वर्षं.

नवीन ऐकणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी? 'टॉक अबाउट द पॅशन'पासून. पहिल्याच सेकंदाला ती सुटी सुटी गिटार येते, मधे चेलो येतो आणि एक ओळ अचानक फ्रेंचमध्ये येते. मग 'गार्डनिंग ॲट नाईट'. शब्द शोधून वाचू नका इतकंच सांगेन, निदान पहिले पाच-सहा वेळा तरी नको, कारण एकदा वाचलेलं परत न वाचलेलं करता येत नाही आणि तुमच्या कानानं जे शब्द लावले असते ते मग कधीच सापडणार नाहीत.

आणि शेवटी रात्री, घर शांत झाल्यावर, 'परफेक्ट सर्कल' लावा. यात गिटार जवळजवळ नाहीच, दोन पियानो आहेत, चाल मुख्यतः बिल बेरीची. स्टाइपनं ते एका जुन्या प्रेयसीच्या आठवणीवर लिहिलं. बकची गोष्ट वेगळी आहे. दौऱ्यावर असताना न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला तो एका क्लबच्या मागच्या दारात उभा होता, कितीतरी रात्री झोप नव्हती, बाहेर संध्याकाळच्या उजेडात पोरं फुटबॉल खेळत होती, आणि ते बघून त्याला रडू आलं. त्यानं स्टाइपला सांगितलं की हे जे मला वाटलं ते गाण्यात येऊ दे. गाण्यात संध्याकाळ नाही, पोरं नाहीत, फुटबॉल नाही. बक म्हणतो, पण ते सगळं त्यात आहे.